विश्लेषण : काडतुसात दारू गुंजभर, फरक पदकाचा! मोजमापात सातत्य का लागते?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. पात्रता फेरीत तो ५९० गुणांसह सातवा आला होता. त्याच फेरीत भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर ५८९ गुणांवर ११ वा राहिला आणि अंतिम फेरीबाहेर गेला. एका गुणाचे मोल या खेळात एवढे आहे. नेमबाजाचा श्वास, चाप ओढण्याची पद्धत, वारा यांविषयी बरेच बोलले जाते. मात्र प्रत्येक काडतुसात भरलेली दारू दर वेळी तेवढीच असते का, हा प्रश्न सहसा रेंजबाहेर येत नाही. ही दारू मोजतात कशी, तिच्यात किंचित फरक पडला तर काय होते आणि भारतातील नेमबाज ती स्वतः का भरू शकत नाहीत, याचा हा आढावा.

काडतुसात नेमके काय असते?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारे प्रायमर, आत बंदुकीची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते. दारूचा वायू होतो आणि त्याच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. ही सगळी क्रिया एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागात उरकते.

आजची दारू धूरविरहित असते आणि तिचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज असतो. फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये अशी दारू तयार केली. त्याआधी सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू वापरली जाई. नवी दारू त्याच वजनात कितीतरी जास्त जोर देते. त्यामुळे ती मोजण्यातील चूकही जास्त महागात पडते.

ग्रेन म्हणजे किती?

काडतुसातील दारू जगभर ‘ग्रेन’ या जुन्या इंग्रजी मापात मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. मराठी वाचकाला हे माप सोनाराच्या तराजूवरून लवकर कळेल. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. या हिशेबाने एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम भरते. म्हणजे एक ग्रेन साधारण अर्धी गुंज, तर एका तोळ्यात १८० ग्रेन.

ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफलसाठी पॉइंट टू टू बोअरचे छोटे काडतूस वापरतात. त्यात दारू साधारण एक ते दोन ग्रेन, म्हणजे अर्धी ते एक गुंज असते. लष्करी ७.६२ मिमी रायफलच्या काडतुसात ती चाळीस ग्रेनच्या वर जाते. काडतूस जितके लहान, तितकी मोजण्यातील तीच चूक टक्केवारीत मोठी दिसते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे.

दारू किंचित कमी-जास्त झाली तर लक्ष्यावर काय दिसते?

स्पर्धेसाठीच्या पॉइंट टू टू गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर असतो. तो ध्वनीच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात, कारण ध्वनीच्या वेगाची सीमा ओलांडताना गोळी डळमळते. ५० मीटरचे अंतर कापायला तिला सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे ती १२ ते १३ सेंटीमीटर खाली येते. नेमबाज आपली दुर्बीण किंवा साइट त्यानुसार लावून ठेवतो, त्यामुळे हे खाली येणे आधीच हिशेबात धरलेले असते.

अडचण येते ती दोन गोळ्यांच्या वेगात फरक पडला की. एखादी गोळी सेकंदाला १० मीटरने मंद सुटली, तर तिला लक्ष्यापर्यंत जायला थोडा अधिक वेळ लागतो आणि ती सुमारे साडेसात मिलिमीटर आणखी खाली लागते. म्हणजे सेकंदाला एक मीटरचा फरक लक्ष्यावर पाऊण मिलिमीटरचा होतो.

आता लक्ष्याचे माप पाहू. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि १०.९ हा सर्वोत्तम नेम असतो. केंद्रापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटर दूर गेले की ०.१ गुण कमी होतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की हिशेब स्पष्ट होतो. वेगात सेकंदाला एक मीटरचा फरक पडला तर जवळपास ०.१ गुण जातो. वेग दहा मीटरने घटला तर अचूक केंद्रावर धरलेला नेमही १०.९ वरून १०.० च्या आसपास घसरतो. नेमबाजाची यात काहीही चूक नसते.

हा फरक दारूच्या वजनात किती असतो? दारू एक टक्क्याने कमी-जास्त झाली तर गोळीचा वेगही ढोबळमानाने एक टक्का किंवा त्याहून थोडा कमी बदलतो. ०.१ ग्रॅम दारूचा एक टक्का म्हणजे एक मिलिग्रॅम. खसखशीचे दोन-तीन दाणे तेवढे भरतात. तेवढ्या फरकाने वेग सेकंदाला तीन मीटरपर्यंत बदलू शकतो आणि गोळी दोन-अडीच मिलिमीटर वर किंवा खाली लागू शकते.

जास्त दारू म्हणजे जास्त अचूक नेम?

नाही. हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. जोर वाढवून नेम सुधारत नाही. गोळी हळू असो की वेगवान, ती प्रत्येक वेळी त्याच वेगाने सुटली तर साइट त्यानुसार लावता येते. रोज दहा मिनिटे उशिरा येणाऱ्या गाडीचा प्रवासी आपले वेळापत्रक जुळवून घेतो. कधी दोन मिनिटे लवकर, कधी पंधरा मिनिटे उशिरा येणाऱ्या गाडीचे तो काहीच करू शकत नाही. काडतुसाचेही तसेच आहे. म्हणून जगभरचे नेमबाज सरासरी वेगापेक्षा वेगातील चढउताराकडे अधिक लक्ष देतात.

हा चढउतार कसा मोजतात?

नळीच्या तोंडापुढे वेग मोजणारे यंत्र, म्हणजे क्रोनोग्राफ ठेवतात. पूर्वी त्यात गोळीची सावली टिपणारे संवेदक असत. आता छोटी रडार यंत्रेही मिळतात. मिळालेल्या वेगांवरून दोन आकडे काढतात. पहिला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातील अंतर. दुसरा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासून गोळ्या साधारण किती भरकटतात त्याचे माप.

येथे अनेकांची फसगत होते. समजा, एखाद्या काडतुसाचे स्टँडर्ड डेव्हिएशन सेकंदाला तीन मीटर आहे. तीनच गोळ्या झाडल्या तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातील अंतर सरासरीने पाच मीटरच दिसते. तीच काडतुसे दहा झाडली तर ते नऊ मीटरच्या वर जाते. काडतूस तेच, दारू तीच, फक्त नमुना मोठा झाला. म्हणून तीन गोळ्या एकाच भोकातून गेल्या, यावरून काडतुसाची पारख करणे चुकीचे ठरते. थ्री पोझिशन्सच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात. तिथे अपवादाने येणारी वाईट गोळीही कधीतरी येतेच.

माप पायलीने की तराजूने?

दारू मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या आपल्या घरातल्याच आहेत. पहिली आकारमानाची. रायगडमध्ये भात पायलीने, अधोलीने मोजत, त्याच तत्त्वावर चालणारी. यंत्राच्या वर दारूचे भांडे, खाली ठरावीक आकाराची खाच असलेला दांडा. दांडा फिरवला की खाच भरते आणि तेवढी दारू पुंगळीत पडते. कारखान्यातही अनेक ठिकाणी एकाच मापाची भोके असलेल्या पट्ट्या भरून एका वेळी अनेक पुंगळ्यांत दारू ओततात. हे काम झटपट होते.

पायलीचा अनुभव असलेल्याला या पद्धतीतील गोम लगेच कळेल. पायली हळू भरली तर धान्य कमी मावते, आपटून भरली तर जास्त. शीग ठेवली की आणखी वेगळे. दारूचेही तेच. भांड्यात दारू काठोकाठ असताना वरच्या वजनाने ती अधिक दबते, तळाला आली की सैल पडते. हात एका लयीत चालला नाही, टेबल हलले, तर माप बदलते. म्हणून भांडे ठरावीक पातळीच्या खाली जाऊ न देणे आणि दांडा दर वेळी एकाच जोराने फिरवणे, हे या कामातले पहिले शिस्तीचे नियम.

दारूच्या दाण्याचा आकारही महत्त्वाचा ठरतो. गोल दाण्यांची दारू मोहरीसारखी सरसर वाहते आणि मापात नीट बसते. चपट्या चकत्यांची दारू एकमेकींवर चिकटून बसते. बारीक काड्यांसारखी दारू सर्वांत अवघड. शेवयांचे तुकडे वाटीत भरताना जशा पोकळ्या राहतात, तशा तिच्यात राहतात. खाचेच्या कडेवर एखादी काडी अडकते, कापली जाते आणि वजन बदलते. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे दाणे भांड्याच्या प्लास्टिकला चिकटतात, तो भाग वेगळा.

दुसरी पद्धत वजनाची. यात प्रत्येक मात्रा तराजूवर ठेवून मोजतात. आकारमानाने थोडी कमी दारू काढायची आणि मग चिमटीने किंवा यंत्राने एकेक दाणा टाकत काटा जुळवायचा. बाजारातील सर्वसाधारण तराजू ०.१ ग्रेनपर्यंत वाचतो. चाळीस ग्रेनच्या मात्रेत ही चूक पाव टक्का होते आणि बहुतेक कामांसाठी ती चालते. लांब पल्ल्याचे नेमबाज मात्र ०.०२ ग्रेनपर्यंत वाचणारे प्रयोगशाळेचे तराजू वापरतात. काडीच्या आकाराच्या दारूचा एक तुकडाच साधारण तेवढ्या वजनाचा असतो, म्हणजे त्याहून बारीक मोजण्यात अर्थ उरत नाही.

तराजूही बिनचूक नसतो. पंख्याची झुळूक, चालू केल्यावर गरम होण्यास न दिलेला वेळ, शेजारी ठेवलेला मोबाइल, टेबलाचा कल यांमुळे इलेक्ट्रॉनिक तराजूचे शून्य सरकते. म्हणूनच ज्ञात वजनाचे तुकडे ठेवून तो मध्येमध्ये तपासावा लागतो. आधी काटा तपासायचा, मग माल, हा बाजारपेठेतला नियम येथेही लागू पडतो.

वजन तंतोतंत असूनही वेग का बदलतो?

गोळीचा वेग ठरवण्यात वजनाबरोबर इतर गोष्टींचाही वाटा असतो. पुंगळी अर्धी रिकामी असेल तर दारू आत कशी पसरली आहे, प्रायमरजवळ की गोळीजवळ, यावरही जळण्याचा वेग ठरतो. पुंगळ्यांची आतली जागा थोडी कमी-जास्त असली तर तेवढ्याच दारूने वेगळा दाब तयार होतो. गोळी पुंगळीच्या तोंडात किती घट्ट बसली आहे, प्रायमरची ठिणगी किती जोमदार आहे, यानेही फरक पडतो.

शिवाय हवामान. नायट्रोसेल्युलोजची दारू हवेतील ओल शोषते आणि सोडते. दमट दारू मंद जळते, फार सुकलेली झटकन जळते. कोकणातील जुलै आणि विदर्भातील मे यांत उघड्या भांड्यातील एकच दारू सारखी वागत नाही. तापमानाचाही परिणाम होतो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेली काडतुसे सावलीतल्या काडतुसांपेक्षा जास्त दाब देतात. एकाच कंपनीची, एकाच नावाची दारू असली तरी एका घाण्यातील आणि दुसऱ्या घाण्यातील दारूत फरक असू शकतो. म्हणून जाणकार नवा डबा फोडला की जुना हिशेब तसाच पुढे चालवत नाहीत.

‘फुसका बार’ धोक्याचा का?

मराठीत फुसका बार म्हणजे गाजावाजा होऊन काहीच न घडणे. बंदुकीच्या बाबतीत मात्र फुसका बार जीवघेणा ठरू शकतो. पुंगळीत दारू फारच कमी पडली किंवा पडलीच नाही, तर फक्त प्रायमरच्या जोराने गोळी थोडी पुढे सरकून नळीतच अडकते. आवाज नेहमीपेक्षा दबका येतो. ते लक्षात न घेता पुढची गोळी झाडली तर तिच्यापुढे वाट बंद असते. दाब अचानक वाढतो आणि नळी फुटू शकते.

उलट टोकाला दुहेरी भरणाची चूक. पिस्तुलाच्या काडतुसात दारूने पुंगळीचा थोडाच भाग व्यापलेला असतो, त्यामुळे लक्ष विचलित होऊन दोनदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. धूरविरहित दारूचा स्वभाव येथे घात करतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे दारू दुप्पट झाली तर दाब दुपटीवर थांबत नाही, कैक पटींनी चढतो. सातत्य हा पदकाचा प्रश्न आहेच, त्याआधी तो हाताचा, डोळ्याचा आणि जिवाचा प्रश्न आहे.

मोजून भरण्याची पद्धत आली कुठून?

काडतूस हाच मुळात मापाच्या प्रश्नावरचा उपाय आहे. जुन्या तोडेदार आणि नंतरच्या ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक वेळी दारू वेगळी ओतावी लागे. लढाईच्या धांदलीत हात थरथरला की माप चुकणार, हे उघड होते. म्हणून युरोपातील सैनिक एकेका बाराची दारू लाकडी नळकांड्यांत भरून ती पट्ट्याला अडकवून नेत. पुढे कागदी काडतूस आले. त्यात मोजलेली दारू आणि गोळी एकाच पुडीत असे. १८५७ च्या उठावाला निमित्त झालेले एनफिल्ड रायफलचे काडतूस याच प्रकारचे होते. त्यात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ६८ ग्रेन दारू असे. सैनिकाने कागद दाताने फाडून ती नळीत ओतायची, ही त्याची पद्धत. कागदाला लावलेल्या चरबीमुळे भडका उडाला हे सर्वांना ठाऊक आहे. ती पुडी बनवण्यामागचा हेतू मात्र दर बाराला तेवढीच दारू पडावी हा होता.

कोकणात ठासणीची बंदूक अजून इतिहासजमा झालेली नाही. रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना घेतलेल्या बंदुका येथे अनेक गावांत आहेत. दारू, वर चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, शेवटी गजाने ठासणे, अशी ती भरतात. यात माप हाताच्या अंदाजावर जाण्याचा धोका मोठा. ठासणीच्या बंदुकीची नळी काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली असते. तेवढ्याच मापाने त्यात धूरविरहित दारू ओतली तर नळी फाटते. परवाना नसलेली, गावठी बनावटीची बंदूक तर कोणत्याही दाबचाचणीतून गेलेली नसते.

चिरनेरच्या मानवंदनेतील फैरी वेगळ्या कशा?

पनवेलपासून जवळच असलेले उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव बंदुकीच्या आवाजाशी वेगळ्याच कारणाने जोडलेले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी इंग्रज सरकारच्या जंगल कायद्याविरुद्ध येथील आक्कादेवीच्या डोंगरावर सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात नाग्या महादू कातकरी यांच्यासह अनेक सत्याग्रही हुतात्मे झाले. दर वर्षी २५ सप्टेंबरला गावात हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते.

अशा शासकीय मानवंदनेत हवेत फैरी झाडतात तेव्हा बिनगोळीची, म्हणजे ब्लँक काडतुसे वापरतात. त्यांत दारू असते, गोळी नसते. पुंगळीचे तोंड दाबून बंद केलेले असते. गोळीचा अडथळा नसल्याने दाब तयार व्हायला वेळ मिळत नाही, म्हणून त्यात झटकन जळणारी दारू घालतात. लक्ष्य नाही, म्हणून वेगाचा दशांश हिशेबही नाही. तरीही सगळ्या बंदुकांचा आवाज एका वेळी, एकसारखा यायचा तर दारू आणि प्रायमर एकसारखे लागतातच. गोळी नसली तरी जवळून झाडलेले असे काडतूस इजा करू शकते, हेही विसरून चालत नाही.

भारतात नेमबाज स्वतः काडतुसे भरू शकतात का?

अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरतात. पितळी पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग असतो, त्यामुळे खर्च वाचतो. शिवाय आपल्या रायफलला नेमकी रुचणारी मात्रा शोधता येते. लांब पल्ल्याच्या स्पर्धांत तर बहुतेक नामवंत नेमबाज स्वतः भरलेली काडतुसेच वापरतात.

भारतात परिस्थिती वेगळी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा तयार करण्यासाठी कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या कायद्यातील व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही येतात. म्हणजे बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना ठरत नाही. विनापरवाना निर्मितीसाठीची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी कडक झाली आहे. बंदुकीच्या दारूचा साठा आणि वाहतूक यांवर स्फोटक कायद्याचेही नियंत्रण आहे. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्यामुळे इंटरनेटवर परदेशी चित्रफिती पाहून घरी पुंगळ्या भरण्याचा प्रयोग करणे धोकादायक तर आहेच, शिवाय गंभीर गुन्हाही ठरू शकतो.

पॉइंट टू टूच्या बाबतीत तर तांत्रिक अडचणही आहे. या काडतुसाला वेगळे प्रायमर नसते. ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेले असते आणि पिन त्या कडेवर आदळते. एकदा झाडल्यावर ती कड चेपते. म्हणून हे काडतूस जगात कुठेही सहसा पुन्हा भरत नाहीत. कुसाळेसारख्या ऑलिम्पिकपटूलाही कारखान्यातून जे येते त्यावरच विसंबावे लागते.

मग नेमबाज काय करतात?

ते काडतुसे भरत नाहीत, निवडतात. कारखान्यात एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, एकाच दारूतून तयार झालेल्या काडतुसांना एक लॉट क्रमांक मिळतो. एलेसारख्या कंपन्या तो खोक्यावर छापतात. एका लॉटमधील काडतुसे एकमेकांसारखी असतात, दोन लॉट मात्र वेगळे असू शकतात. आणि जो लॉट एका रायफलला मानवतो तो दुसऱ्या रायफलला मानवेलच असे नाही, कारण प्रत्येक नळीचे कंपन निराळे असते.

म्हणून इंग्लंडमधील एले, तसेच लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांवर नेमबाज आपली रायफल किंवा तिची नळी घेऊन जातात. ती घट्ट शिकंज्यात बसवतात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष उरत नाही. मग एकामागून एक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडून कोणता सर्वांत लहान गट देतो ते पाहतात आणि तो लॉट हजारोंच्या संख्येने विकत घेतात. मोसमभर स्पर्धेसाठी तोच राखून ठेवतात.

येथे पैशाचा प्रश्न येतो. परदेशी चाचणी, आयात, परवाने आणि मोठी एकरकमी खरेदी सर्वांना परवडत नाही. नामांकित नेमबाजांना राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत आयातीची सोय होते. ही संघटना १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. जिल्हा पातळीवरील मुलामुलींच्या वाट्याला मात्र उपलब्ध असेल तो लॉट येतो. सरावाला एक आणि स्पर्धेला दुसरा, असेही होते. मग नेम बिघडला की दोष हाताचा की काडतुसाचा, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. खेळाडू आपली पद्धत उगाच बदलत बसतो, हे त्यातले खरे नुकसान.

नवोदितांनी सुरुवात कुठून करावी?

हवेच्या बंदुकीपासून. ऑलिम्पिकपटू सुमा शिरूर यांच्या नवीन पनवेल येथील लक्ष्य शूटिंग क्लबसारख्या केंद्रांत नवे नेमबाज १० मीटर एअर रायफल आणि पिस्तुलापासूनच शिकतात. दोन पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकणारी अवनी लेखरा याच प्रकारात, शिरूर यांच्या मार्गदर्शनाखाली घडली. एअर रायफलमध्ये दारू नसते. सिलिंडरमधील हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते आणि ती वापरागणिक कमी होत जाते. तरी पहिला आणि साठावा छर्रा एकाच वेगाने सुटतो, कारण मध्ये रेग्युलेटर बसवलेला असतो. सिलिंडरचा दाब कितीही असो, तो पुढे ठरावीक दाबाचीच हवा सोडतो.

काडतुसात दारूचे अचूक माप जे काम करते, तेच येथे रेग्युलेटर करतो. म्हणूनच एअर रायफलवर शिकणाऱ्याला आपली चूक स्वच्छ दिसते. छर्रा बाजूला गेला तर बहुतेक वेळा दोष आपला, हे त्याला ठाऊक असते.

महाराष्ट्राचा या उद्योगात वाटा किती?

मोठा आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून सुरू आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात लहान शस्त्रांची काडतुसे बनतात, तर भंडाऱ्याच्या कारखान्यात तोफा आणि रॉकेटसाठीची प्रणोदक दारू. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाची फेररचना झाली आणि हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. भंडाऱ्यात जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. या पदार्थाशी व्यवहार करताना सर्व यंत्रणा हाताशी असूनही जोखीम किती असते, याची ती आठवण आहे.

या कारखान्यांचा मुख्य ग्राहक लष्कर आणि पोलीस आहेत. लष्करी काडतुसाकडून अपेक्षा वेगळ्या असतात. ते पावसात, धुळीत, थंडीत हमखास उडाले पाहिजे. ऑलिम्पिक दर्जाच्या पॉइंट टू टू काडतुसाकडून मात्र प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच असावी, ही एकच अपेक्षा असते. ५० मीटर रायफलमध्ये तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरली, स्वप्निल कुसाळेने ऑलिम्पिक पदक आणले. दोघेही कोल्हापूरचे. राज्यातील नेमबाजांना लॉट तपासून घेता येईल असे चाचणी केंद्र बालेवाडीसारख्या क्रीडासंकुलात उभे राहिले, तर परदेशवारी न परवडणाऱ्या खेळाडूलाही आपल्या रायफलला मानवणारे काडतूस निवडता येईल. एक क्रोनोग्राफ, एक शिकंजा आणि नीट लिहिलेली नोंदवही एवढ्यावर त्याची सुरुवात होऊ शकते. खसखशीच्या दोन-तीन दाण्यांएवढ्या दारूच्या फरकाने पुढच्या ५९० आणि ५८९ चा निकाल ठरू नये, यासाठी एवढे करणे फार अवघड नाही.